काठाच्या दोन पितळ्या

शनिवार, १ जानेवारी १९७२

साखर कारखान्याने सभासदांना डायऱ्या वाटल्या. एक मामंजींना मिळाली आणि ह्यांच्या नावावरही शेअर आहे म्हणून एक ह्यांना. मामंजींनी आपल्या डायरीत उसाच्या पाण्याच्या पाळ्या लिहायला सुरुवात केली. ह्यांची देव्हाऱ्याशेजारी नुसती पडून होती. काल आत्याबाई तिची पानं फाडून चुलीला लावायला निघाल्या, तेव्हा मी ती उचलली. सातवी पास बाई आहे मी. लग्न झाल्यापासून माहेरची पत्रं सोडली तर हातात टाक धरला नाही.

परवा बनू वर्षाची झाली आणि अजून तिच्या पोटात भाताचं शीत गेलेलं नाही. शहाण्या माणसाला सांगितलं तर तो मलाच वेड्यात काढेल, म्हणून इथे लिहिते. आमच्याकडे उष्टावण मामाने करायचं. सहाव्या-सातव्या महिन्यात मामा येतो, भाचीला मांडीवर घेतो, खिरीचा पहिला घास भरवतो, मग मूल अन्नाला लागतं. बनूचा मामा म्हणजे माझा नाथादादा. पलटणीत नाईक आहे. आषाढात येतो म्हणाला, सुट्टी रद्द झाली. दसऱ्याला येतो म्हणाला, तीही रद्द. दिवाळीच्या पत्रात लिहिलं होतं, ‘भाचीचा पहिला घास माझ्या हातचा, कुणी मधे हात घालू नये.’ पुढे लढाई लागली. ती संपून पंधरा दिवस झाले, दादाचं पत्र नाही.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई चंद्राबाई. त्यांनी यातून एक वाट काढली आहे. पातळ म्हणजे अन्न नव्हे. त्यामुळे वरणाचं पाणी चालतं, भाताची पेज गाळून चालते, नाचणीचं आंबील फडक्यातून गाळून चालतं. आणि अंगावरचं दूध आहेच. एवढं सगळं पिऊन बनू आत्याबाईंच्या हिशोबी अजून उपाशीच आहे.

मलाही दादाशिवाय दुसऱ्या कुणाचा हात नको आहे. आई गेली तेव्हा मी अकरा महिन्यांची होते, दादा नऊ वर्षांचा. आईचं तोंड मला आठवत नाही. आठवते ती फक्त पहाटेची जात्याची घरघर आणि तोंडात ताकात भिजलेला भाकरीचा पापुद्रा. तो दादाने भरवलेला. एवढ्या लहानपणचं कुणाला आठवत नाही म्हणतात. मला आठवतं.

शनिवार, ८ जानेवारी

नर्सबाई आल्या होत्या. बनूला झोळीत घालून काट्याला लावलं. काटा बघून त्यांनी मला विचारलं, मुलगी काय काय खाते. मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

“वर्षाच्या मुलीला दात आलेत सहा, आणि तुम्ही तिला पाणी पाजताय?”

मग बरंच बोलल्या. डोळ्यांखालची कातडी ओढून दाखवली, आत पांढरट होतं. म्हणाल्या, महिनाभरात वजन वाढलं नाही तर सांगलीला न्यावं लागेल. भाकरी द्या, भात द्या, डाळ मोडून द्या, घरात शिजतं ते द्या.

त्या गेल्यावर आत्याबाई म्हणाल्या, नर्सला काय कळतं, तिला कुठं भाऊ हाय. पण दुपारी त्या झोपल्यावर मी चोरून वरणातली एक डाळ बोटाने चिरडून बनूच्या जिभेवर ठेवली. माझं मन मला खात होतं, दादाची मनातल्या मनात माफी मागितली. बनूने तोंड वेडंवाकडं केलं, उमासा आला आणि दुपारचं सगळं दूध माझ्या अंगावर आलं. वर्षभर पातळच गिळलेलं. जिभेला काही जाडंभरडं लागलं की पोरगी घाबरते.

म्हणजे आता दादा आला तरी ती खाईल की नाही, कोण जाणे. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

शुक्रवार, १४ जानेवारी. संक्रांत

दादाचं पत्र आलं. सुगडं पूजायची सोडून मी उंबऱ्यावर बसूनच वाचलं. चार ओळी. ‘चि. सौ. माले, मी खुशाल आहे. सुट्टीचे नक्की नाही. ट्रकमध्ये बसून लिहितो म्हणून अक्षर असे. भाची आता काय खाते?’

आणि अक्षर तरी कसलं. बिगारीतल्या पोराने काढावं तसं, एक अक्षर मोठं एक लहान, ओळ उतरणीला लागलेली. आमच्या शाळेत दादाची वही गुरुजी सगळ्या वर्गाला फिरवून दाखवायचे. मला त्यानेच लिहायला शिकवलं. पाटीवर वर एक ओळ काढून द्यायचा, खाली मी गिरवायची. वाकडं आलं की म्हणायचा, पट्टीनं मारीन. एकदाही मारलं नाही, पण पट्टी शेजारी ठेवायचा.

मी लगेच उत्तर लिहिलं. लिहिलं की, पलटणीत राहून अक्षराची पार वाट लावलीस, इथे असतास तर पट्टीने मारलं असतं. भाची काहीच खात नाही, तुझी वाट बघते. लौकर ये नाहीतर तुझी भाची पेज पिऊनच लग्नाला उभी राहील. लिहिताना मला हसू येत होतं.

मामंजींनी पत्र मागून घेतलं. ते स्वतः पलटणीतून पेन्शन घेऊन आलेले. त्यांनी ते खिडकीपाशी नेऊन बराच वेळ बघितलं, पाकीटही मागितलं, त्यावरचा शिक्का बघितला. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाले, काय न्हाई, चष्मा बदलाया झालाय.

बनू तिळगुळाकडे हात करत होती. डावा हात पुढे केला की आत्याबाई तो हळूच खाली दाबतात आणि उजवा पुढे ओढतात. दिवसातून दहा वेळा हे चालतं. डाव्या हाताने घ्यायची सवय लागायला नको म्हणून.

सोमवार, २४ जानेवारी

मामंजी काल पुण्याला जाऊन आले. पेन्शनीचं काम होतं म्हणे. मी म्हटलं, रविवारी कुठली कचेरी उघडी असते. तर हे माझ्यावरच खेकसले. हे सहसा खेकसत नाहीत. गेल्या आठवड्यात माझ्या बाबांचं मामंजींच्या नावाने पत्र आलं होतं, तेही त्यांनी मला न दाखवता खिशात घातलं. आटपाडीकडे यंदाही पाऊस नव्हता. बाबांनी काही मागितलं असेल आणि मला लाज वाटू नये म्हणून लपवत असतील. मी विचारलं नाही.

पुण्याहून मामंजींनी दोन पितळ्या आणल्या. एक लहान, एक चांगली मोठी, दोन्हींना उभा उंच काठ. म्हणाले, बनूला काला कुस्करून द्यायला. लहान पितळी ठीक आहे, मोठीत काय बनूला आंघोळ घालायची? मोठी आत्याबाईंनी फळीवर पालथी घातली आणि म्हणाल्या, असू दे, लागंल कुणाला तरी.

संध्याकाळी तर कहर झाला. मी पेज गाळायला फडकं घेतलं तर आत्याबाईंनी ते हातातून काढून घेतलं. म्हणाल्या, गाळू नको, शितं राहू दे.

“आन मामाचं उष्टावण?” मी विचारलं.

“मामा काय, काका काय. घरातल्या कुणीबी भरवलं तरी पोटातच जातंय. पोरगी एकदा भाकरीला लागू दे माझी, मग पुढचं सगळं सोपं हाय.”

सहा महिने ज्या बाईने शिताला हात लावू दिला नाही तिचं हे बोलणं. मी पेज तशीच ठेवून उठले. बनूने तरी कुठे घेतली. दोन शितं लागली आणि रडून घर डोक्यावर घेतलं.

बुधवार, २ फेब्रुवारी

आज जेवताना मामंजी डाव्या हाताने भाकरी मोडायचा प्रयत्न करत होते. उजवा हात मांडीखाली दाबून धरलेला. भाकरी ताटातून निसटून खाली गेली, कालवण धोतरावर सांडलं. मला हसू आवरेना. उतारवयात माणसं पोरासारखी होतात ते खरं आहे. माझं हसू ऐकून त्यांनी मान वर केली नाही. आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला, मला वाटलं त्याही हसत आहेत, पण त्या उठून परड्यात गेल्या.

रविवार, १३ फेब्रुवारी

बनूचं वजन अर्धा शेर कमी झालं. नर्सबाई काही बोलल्या नाहीत, हेच वाईट.

घरात आता सगळे बनूच्या मागे लागले आहेत. आत्याबाई दुधात भाकरी कुस्करतात, हे गूळ लावून देतात, मामंजी पेरूची फोड चावून मऊ करून देतात. ती तोंड मिटते आणि मान फिरवून माझ्याकडे येते, पदर ओढते. मी पाजते. आत्याबाई बघत बसतात. काल म्हणाल्या, तुझ्या दुधावर किती दिवस काढायचं तिनं, आन तुला काय झालं तर. मी म्हटलं, मला काय व्हायचंय.

मला एवढं कळतं की ह्या घरच्यांना माझ्या माहेरच्या माणसाचा आता कंटाळा आलाय. कृष्णाकाठचं घर, बारमाही पाणी, दारात ऊस. आमचं माहेर म्हणजे बाभळी आणि हुलगा. मामा येणार, खीर भरवणार, त्याच्या हातात चांदीची वाटी नसणार, लोक बघणार. त्यापेक्षा मामा नकोच. असं तोंडावर कुणी बोलत नाही, पण मी काय दूधखुळी आहे का? आत्याबाई आता बनूचा डावा हातसुद्धा खाली दाबत नाहीत. आज तिने डाव्या हाताने खुळखुळा घेतला, त्यांनी घेऊ दिला. एवढी सगळ्यातून हात काढून घेतलेली बाई. नातीवरची मायाच उडाली म्हणायची.

दादाला मी तीन पत्रं टाकली. एकाचंही उत्तर नाही. तो रागावला असेल. अक्षरावरून बोलले ते लागलं असेल. त्याला चेष्टा कळते खरं तर, माझ्याइतकी त्याची चेष्टा कुणी केलेली नाही. लहानपणी मी त्याच्या पाठीवर बसून विहिरीवर जायची आणि वाटेत त्याचे कान ओढायची. कान ओढले की तो बैलासारखा वळायचा, उजवा ओढला की उजवीकडे, डावा ओढला की डावीकडे. त्या वाटेवरचे धोंडेसुद्धा मला एकेक आठवतात. आज दिवसभर तेच डोळ्यांपुढे आहे.

बुधवार, १ मार्च

काल होळी झाली. पुरणपोळी केली. मी नैवेद्य दाखवत होते, वळून बघते तर आत्याबाईंनी बनूला मांडीवर घेऊन तिच्या तोंडात पुरण घातलेलं. बोटाने आत सारत होत्या. बनू लाल झाली, गुदमरली, मग सगळं उलटून पडलं. मी तिला हिसकावून घेतलं आणि बोलू नये ते बोलले. म्हटलं, तुम्हाला माझ्या भावाचा हात लागू द्यायचा नाही एवढंच ना, सरळ सांगा. मी उद्याच माहेरी जाते. दादा येईल तेव्हा माझ्या बाबांच्या ओट्यावर उष्टावण होईल.

वाटलं होतं आता भांडण पेटेल. आत्याबाई पुरणाचा हात तसाच धरून बसून राहिल्या. हे म्हणाले, चार दिवस थांब, मी बाबांना पत्र टाकतो. मामंजी ओट्यावरून म्हणाले, जाऊ दे तिला. किती दिवस झाकायचं.

काय झाकायचं, ते मी रागात विचारलं नाही. आता लिहिताना आठवलं.

आज आत्याबाईंनी माझं गाठोडं बांधून दिलं. तांदूळ, गूळ, शेवया, आणि दोन्ही पितळ्या. मोठी कशाला म्हटलं तर म्हणाल्या, ऱ्हाऊ दे. उद्या गाडी आहे. वर त्यांनी एक विचित्र गोष्ट सांगितली, दोनदा सांगितली: “तिथं पोचलीस की आदी भायेर झाडाखाली बसून पोरीला पोटभर पाज. मगच घरात जा.”

शुक्रवार, ३ मार्च. माहेरी

काल लिहिता आलं नाही.

विट्याला गाडी बदलून आटपाडीला उतरले तेव्हा दुपार झाली होती. वाडीपर्यंत दोन कोस एका बैलगाडीतून आले. घर दिसल्यावर झाडाखाली कोण बसतंय. बनूला काखेत घेऊन तशीच आत गेले.

दादा ओसरीवर भिंतीला टेकून बसला होता. त्याला सुट्टी मिळाली आणि मला कळवलं नाही, म्हणून आधी मला रागच आला. मग बघितलं. खाकी शर्टाची उजवी बाही कोपरापाशी दुमडून पिन लावलेली होती.

बाबा त्याच्यापुढे माडग्याची वाटी धरून बसले होते. हुलग्याचं पातळ माडगं. तो ते डाव्या हाताने उचलून पाणी प्यावं तसं पीत होता. मला बघून त्याने वाटी खाली ठेवली आणि डावा हात पाठीमागे लपवला. असलेला हात लपवला.

बाबाच सगळं बोलले. लढाईच्या पाचव्या दिवशी सुरुंग फुटला. अडीच महिने पुण्याच्या मिलिटरी इस्पितळात. तार इथेच आली होती. दादाने शपथ घातली की मालीला कळवायचं नाही. ती अंगावर पाजते, धसक्याने दूध आटलं तर पोरगी काय खाणार, माझ्यामुळं तिचं तर उष्टावणसुद्धा झालेलं नाही. मामंजींनी पत्राच्या अक्षरावरून ओळखलं आणि बाबांना लिहून विचारलं. मग रविवारी इस्पितळात भेटून आले.

सगळ्या घराला माहीत होतं. पोरगी भाकरीला लागली की मला सांगायचं, असं आत्याबाईंनी ठरवलं होतं. आणि मी त्यांना काय काय बोलले.

दादाने उशीखालून माझं संक्रांतीचं पत्र काढलं. पट्टीने मारलं असतं, ते. म्हणाला, “तू बरोबर लिवलंस माले. लय वाकडं आलं व्हतं.” तेव्हा मी खाली बसले आणि मला रडायला आलं. आज दिवसभर रडतेच आहे.

रविवार, ५ मार्च

दादा भाकरी खात नाही. एका हाताने मोडता येत नाही. बाबांनी मोडून दिली तर खायला डावाच हात आहे, आणि डाव्या हाताने अन्नाला शिवायचं नाही असं त्याने ठरवलं आहे. बाबा भरवायला गेले तर तोंड मिटतो. इस्पितळात कसं करत होतास विचारलं तर म्हणाला, तिथं सगळेच तसले, कुणी बघत नव्हतं. इथं घरात आईची जागा हाय. म्हणून इथे आल्यापासून बारा दिवस माडगं, ताक आणि दूध. गालफडं बसली आहेत.

म्हणजे एका ओसरीवर दोन माणसं पातळावर. मी बनूसाठी पेज गाळते, बाबा दादासाठी माडगं गाळतात.

मी आज त्याला म्हटलं, आता तू आलास, उष्टावण कर. तो म्हणाला, “कशानं करू? डाव्या हातानं भरवू व्हय लेकराला? तुझ्या सासरची दुसरा कुणी मामा बघा म्हणतील.” आणि उठून बाभळीखाली जाऊन बसला.

संध्याकाळी शेजारच्या तानुबाई आल्या. आई गेल्यावर वर्षभर आमच्या भाकरी त्यांनी थापल्या. त्यांना मी सगळं सांगितलं. त्या लुगड्याचा बोंगा सावरत सरळ बाभळीखाली गेल्या, मी मागून गेले.

“नाथा, ही मेली कुणाच्या हातानं जगली रं?” त्यांनी विचारलं. “मी पहाटं यायची. तू जात्यावर बसलेला. उजव्या हातात खुंटा, ही मांडीवर. दळता दळता डाव्या हातानं ताकातला पापुद्रा काढून हिच्या तोंडात घालायचास. उजवा कवा रिकामाच नव्हता तुजा. ही सगळी डाव्या हातावर वाढली हाय. काय वाईट झालं हिचं?”

जात्याची घरघर आणि पापुद्रा. एवढी वर्षं ती आठवण माझ्याजवळ होती, पण तीत हात कुठला ते मला कधी दिसलं नव्हतं.

दादाने मान वर केली नाही. पण उठून घरात आला.

मंगळवार, ७ मार्च

मी मोठी पितळी काढली. भाकरी ताकात कुस्करली, मीठ घातलं, लसूण चुरडून घातला, आणि दादापुढे ठेवून चुलीकडे पाठ फिरवून बसले. बाबाही बाहेर गेले. मागे पितळीचा आवाज येत राहिला. काठ उंच आहे म्हणून काला बाहेर जात नाही, काठाला टेकवून बोटांवर घेता येतो. मामंजींनी ती भाकरी ताटातून खाली घालवून, धोतर भरवून घेऊन मग ओळखलं असेल—नाही, पितळ्या तर आधीच आणल्या होत्या. इस्पितळातच बघितलं असेल कुणाला तरी. आणि घरी येऊन स्वतः करून बघत होते. मी हसले होते.

वळून बघितलं तेव्हा बनू रांगत त्याच्यापाशी गेली होती. परवापासून मला पाजायचं धड भान नाही, दूध कमी झालं की मीच विसरते, सांगता येत नाही. पोरगी भुकेली होती. तिने काठाला धरून उभं राहून पितळीत हात घातला. डावा. मूठभर काला काढला. अर्धा गालाला लागला, अर्धा तोंडात गेला. तिला उमासा आला, डोळ्यांत पाणी आलं. दादाही घास तोंडात धरून तिच्याकडे बघत होता. त्याने हळूहळू जबडा हलवून चावून दाखवलं. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने जबडा हलवला.

गिळलं.

दुसरी मूठ तिने त्याच्या तोंडाशी नेली. दादाने घेतली. दोघांचंही तोंड ताकाने बरबटलेलं. मला कुणी बोलावलं नाही, म्हणून मी चुलीकडे तोंड करून परत रडले.

शनिवार, ११ मार्च

रोज दोघं एका पितळीत. लहान पितळीला बनू हात लावत नाही. मामाचीच पाहिजे. काल तिला कोरडा पापुद्रा दिला तर तो उलटला, पण कुस्करलेलं घेते. शेवया घेते. हुलग्याची उसळ बोटाने चिरडून दिली तर घेते. सांडतं एवढं की कोंबड्या ओसरीवरून हलत नाहीत.

आत्याबाईंना पत्र टाकलं. माफी मागायची होती, नीट लिहिता आली नाही. ‘बनू काला खाते. उष्टावणाला या’ एवढंच लिहिलं.

रविवार, १९ मार्च

पाडवा घरी करून सासरची सगळी आज आली. आत्याबाईंनी येताना खिरीचे गहू सडून आणले होते. मी पाया पडले तेव्हा काही बोलायच्या आत म्हणाल्या, दूध हाय का गं अजून. मी आहे म्हटलं. त्यांनी तोंडावरून हात फिरवला, बाकी काहीच काढलं नाही. त्यांनी दोन शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं.

खीर झाली. दादा आंघोळ करून पाटावर बसला, बनूला मांडीवर घेतलं, आणि तिथेच अडला. सगळे बघत होते. डावा हात वाटीवर होता, वर येईना. दारात वाडीतल्या दहा बायका.

आत्याबाई पुढे झाल्या. मला वाटलं त्या आता वाटी घेतात. त्या दादासमोर खाली बसल्या आणि आपला हात पुढे केला.

“नाथाजी, आदी मला दे. लय लांबनं आलीया. तुज्या हातचं खाऊन बघू दे.”

दादाने त्यांच्याकडे बघितलं. मग डाव्या हाताने खिरीचा घास घेऊन त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो सगळ्यांदेखत खाल्ला, हात चाटला आणि म्हणाल्या, गूळ थोडा कमी पडलाय. बायका हसल्या. मग त्याने बनूला भरवलं. तिने तो घास गिळून दुसऱ्यासाठी आ केला. बारा दिवस जी पोरगी रोज भाकरी खाते तिचं आज उष्टावण झालं. आत्याबाईंच्या हिशोबी ती आजपासून जेवती झाली.

सोमवार, २० मार्च

उद्या परत जायचं. दादा पुढच्या महिन्यात लाकडी हात बसवायला पुन्हा पुण्याला जाणार. मोठी पितळी इथेच ठेवते आहे. बनू रडेल.

दुपारी मी ही डायरी आणि टाक घेऊन दादाशेजारी बसले. म्हटलं, मी वर ओळ काढून देते, तू खाली गिरव. तो म्हणाला, आन पट्टी? मी चुलीपुढची फुंकणी आणून शेजारी ठेवली. त्याने बऱ्याच वेळाने गिरवलं, टाक धरायची बोटं दुखली म्हणाला. माझी ओळ आणि खाली त्याच्या ओळी तशाच राहू देते.

बनूने भाकरी खाल्ली.

बनूने भाकरी खाल्ली.

मामाने पण.